परतीचा वेग

आमच्या साताऱ्यात पळणाऱ्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही. २०१२ साली कासचं पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि त्याच वर्षी गावात हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली. तेव्हापासून पठारावर फुलं आणि रस्त्यावर पळणारे, दोन्ही पावसाळ्यात भरभरून उगवतात. पहाटे यवतेश्वरच्या घाटात जाऊन बघा. डॉक्टर, गुरुजी, निवृत्त फौजदार सगळे चढावर धापा टाकत असतात आणि एकमेकांना नुसता हात वर करून रामराम घालतात, कारण तोंड श्वास घेण्यात गुंतलेलं असतं.

अशा गावात मी पहिल्यांदा पळायला निघाले, तेव्हा मात्र समर्थ मंदिराजवळच्या आमच्या गल्लीतली चार माणसं वळली. त्यातल्या एका काकांनी दूधपिशव्या हातात धरून काळजीनं विचारलं, "काय गं, घरी सगळं ठीक आहे ना?"

त्यांची काही चूक नव्हती. पायात नवऱ्याचे मोजे, अंगात कॉलेजातली ट्रॅकपँट, वर सासूबाईंचा स्वेटर, आणि बाळानं ओढून ओढून विरळ केलेल्या केसांचा बुचडा. पाच महिन्यांच्या बाळाची आई अशा अवतारात भल्या पहाटे धावत सुटली, तर माणसानं समजायचं काय? एक तर बाळाला काही झालंय, नाहीतर सासूशी वाजलंय.

सासूशी काही वाजलं नव्हतं. मी निघताना त्यांनी एवढंच विचारलं होतं, "पळतेस कशाला गं? कुणी मागे लागलंय का?"

मागे लागलं होतं ते वजन. नऊ महिन्यांत माझे सोळा किलो वाढले. बाळ जन्मलं दोन किलो नऊशे ग्रॅम. आता हिशेब केला. वार अर्धा-पाऊण किलो, गर्भजल साधारण तेवढंच, जास्तीचं रक्त दीड किलोभर, खुद्द गर्भाशय किलोभर. किराण्याच्या यादीसारखी बेरीज करत गेले तरी ती सातच्या पुढे सरकेना. उरलेले नऊ किलो कुठे आहेत हे कळायला गणित लागत नव्हतं, ट्रॅकपँटची नाडी पुरेशी होती. त्यातल्या त्यात कौतुक करावं ते गर्भाशयाचं. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत ते किलोवरून साठेक ग्रॅमवर येतं. मनावर घेऊन डाएट पाळणारा माझ्या शरीरातला तो एकमेव अवयव. आपल्या बायकांनी बाळंतिणीला सव्वा महिना हलू द्यायचं नाही असं ठरवलं, तेव्हा त्यांच्याकडे सोनोग्राफी नव्हती, पण सव्वा महिना आणि सहा आठवडे यांत फरक तो कितीसा?

त्या सव्वा महिन्याचे पुढे चार महिने झाले, ते वाईत, माझ्या माहेरी. आईच्या लेखी प्रत्येक लाडवाला एकेक काम नेमून दिलेलं होतं. अळिवाचा दुधासाठी, मेथीचा वातासाठी, डिंकाचा कंबर भरून येण्यासाठी. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं. डिंकानं तर जरा जास्तच मनावर घेतलं. शिवाय खसखशीची खीर, शेपूची भाजी, जेवणानंतर बाळंतशेपा आणि ओवा, आणि मालिशवाल्या मावशींचं रोजचं निदान, "अजून अशक्त दिसतीस बाय." मावशी अंग रगडून झालं की धुरी द्यायच्या आणि आजीच्या जुन्या नऊवारीचा पट्टा पोटाला करकचून बांधायच्या. पट्टा बांधला की पोट जागेवर जायचं, सोडला की हळूच परत यायचं. माहेरवाशिणीसारखं.

साताऱ्याला परत आले ती छपन्नची सहासष्ट होऊन आणि सोबत लाडवांचे दोन डबे घेऊन. नवऱ्याला विचारलं, "जाड दिसते का रे मी?" लग्नाला चार वर्षं झालेल्या माणसाला हा प्रश्न पूर्वसूचना न देता विचारू नये. तो म्हणाला, "नाही गं, तब्येत सुधारलीय." त्या रात्री मी पळायचं ठरवलं.

सासूबाईंना वजनकाटा हा प्रकारच पटत नाही. त्यांच्या वेळी वजन करायचं म्हणजे पुणे स्टेशनवरच्या यंत्रात नाणं टाकायचं. दिवे लुकलुकायचे आणि जाड पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर पडायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. "भविष्य बरं निघालं की वजनाकडे बघायचंच नाही," असं त्या सांगतात. आमच्या बाथरूममधला काटा भविष्य सांगत नाही. रोज सकाळी भूतकाळच दाखवतो.

पळायचं ठरवलं म्हणून लगेच पळता येत नाही, हे मला फिजिओथेरपी शिकलेल्या मैत्रिणीनं सांगितलं. २०१९ साली ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी बाळंतपणानंतर पळण्याबद्दल एक मार्गदर्शिका काढली. निदान बारा आठवडे तरी पळू नका आणि त्यानंतरही आधी तपासून घ्या, असं त्यात आहे. माझे बारा आठवडे कधीच उलटले होते. मैत्रिणीनं मला उताणं झोपवलं, डोकं उचलायला लावलं आणि पोटाच्या मधल्या रेषेत बोटं घातली. "दोन बोटांचं अंतर आहे," ती म्हणाली. पोटाचे उभे स्नायू बाळाला जागा करून द्यायला दोन्हीकडे सरकतात आणि नंतर एकमेकांजवळ यायला वेळ लावतात, एसटीत तिसरा माणूस उतरून गेल्यावरही बाकावरचे दोघं तसेच अंग चोरून बसून राहतात तसे.

मग तिनं हलक्या आवाजात विचारलं, "शिंकलीस की काही होतं का?"

हा प्रश्न मला तोवर कुणीच विचारला नव्हता. आईनं नाही, मावशींनी नाही, अळीव निवडायला जमलेल्या सात बायकांपैकी एकीनंही नाही. मात्र आठवून बघितलं तेव्हा लक्षात आलं, आमच्या घरातल्या सगळ्या बायका शिंक आली की पाय आवळून उभ्या राहतात. मला वाटायचं, घराण्याची रीत असेल. ती रीत नव्हे, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झाल्याची खूण. त्यावरचा व्यायाम १९४८ साली डॉ. आर्नल्ड केगल नावाच्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञानं मांडला, तो मी महिनाभर मुकाट्यानं केला. जगात एवढा सोयीचा व्यायाम दुसरा नाही. कुणालाही न दिसता करता येतो. भाजी निवडताना केला, रिक्षात केला, शेजारच्या सत्यनारायणाला कथा ऐकताना पाचही अध्याय केला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "किती एकाग्र होऊन ऐकत होती!"

पुढचा प्रश्न कपड्यांचा. अंगावर पाजणाऱ्या बाईनं पळताना वर काय घालायचं, हा प्रश्न दुकानात विचारायला मी नवऱ्याला घेऊन गेले आणि तो बूट बघण्याच्या निमित्तानं दुसऱ्या मजल्यावर गेला तो गेलाच. घरी येऊन मी सासूबाईंना ते घट्ट पट्ट्यांचं चिलखत दाखवलं आणि त्याची जन्मकथा सांगितली. १९७७ साली अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये लिसा लिंडाल नावाची एक पळणारी बाई ह्याच अडचणीनं वैतागली होती. पुरुष खेळाडूंना लंगोट आहेत, मग आमच्यासाठी वर काही का नाही, असं तिला वाटलं. तिच्या एका मैत्रिणीला शिवणकाम उत्तम यायचं. तिनं पुरुषांचे दोन लंगोट एकमेकांना जोडून शिवले आणि पहिली स्पोर्ट्स ब्रा तयार झाली.

सासूबाईंनी ते चिलखत हातात उलटंसुलटं करून बघितलं. "म्हणजे लंगोटच की हे," त्या म्हणाल्या. नंतर थोडा विचार करून, "पण शिवलाय चांगला." तेव्हापासून आमच्या घरी दोरीवर वाळत घातलेल्या त्या वस्त्राला लंगोट असंच म्हणतात. "तुझा लंगोट वाळलाय, घडी करून ठेवलाय," असं सासूबाई पाहुण्यांसमोर सांगतात आणि पाहुणे बशीतल्या पोह्यांकडे बघत राहतात.

इतकी जय्यत तयारी करून मी पळायला निघाले आणि साठ सेकंद पळाले.

थट्टा नव्हे, कार्यक्रमच तसा होता. १९९६ साली अमेरिकेतल्या जॉश क्लार्क नावाच्या एका तरुणानं नऊ आठवड्यांत पाच किलोमीटर पळायला शिकवणारं एक वेळापत्रक केलं. पहिल्या आठवड्यात साठ सेकंद पळायचं, नव्वद सेकंद चालायचं, पुन्हा साठ सेकंद पळायचं. आठवड्यातून तीनच दिवस. हे वाचून मी आळशांचा कार्यक्रम म्हणून हसले होते. साठ सेकंद म्हणजे किती, हे पहिल्याच दिवशी समजलं. दळणाच्या रांगेत उभं राहिलं तरी साठ सेकंद कळतसुद्धा नाहीत. घाटाच्या तोंडाशी, सहासष्ट किलो घेऊन, त्यांत एक अख्खा पंचवार्षिक कार्यक्रम मावतो. पस्तिसाव्या सेकंदाला मला माझ्या आयुष्यातल्या सगळ्या चुका आठवल्या. पन्नासाव्याला त्या मान्यही केल्या. नंतर कळलं की क्लार्कनं तो कार्यक्रम बांधला तो आपल्या पन्नाशी ओलांडलेल्या आईसाठी. मग माझा राग गेला. आईला पळायला लावायचं तर नव्वद सेकंद उसंत द्यायची, एवढी समज त्या मुलाला होती. माझी लेक एवढी उसंत द्यायला अजून शिकायची आहे.

पहिले काही दिवस मला सगळ्यांनी ओलांडलं. निवृत्त फौजदारांनी ओलांडलं, त्यांच्या कुत्र्यानं ओलांडलं. यवतेश्वराला अनवाणी निघालेल्या एका आजींनी तर चालत ओलांडलं आणि जाता जाता म्हणाल्या, "देव पावंल गं तुला." त्यांना वाटलं, मी नवस फेडतेय.

तिसऱ्या आठवड्यात मी लाडवाचं गणित मांडलं. पळताना माणूस दर किलोला, दर किलोमीटरमागे साधारण एक कॅलरी जाळतो. म्हणजे मी तीन किलोमीटर पळाले की दोनशेच्या आसपास. आईच्या हातच्या, तुपानं हात ओशट करणाऱ्या एका डिंकाच्या लाडवाची किंमत बहुधा तेवढीच, कदाचित थोडी जास्त. घाटात जीव काढून खाली यायचं आणि डब्याचं झाकण उघडायचं, की खातं पुन्हा शून्यावर. बरं, खायचा नाही म्हटलं तर पोटात वाघ उठलेला. आणि ह्या सगळ्यात माझी पाच महिन्यांची लेक, जी अजून कुशीवरून पालथी होण्यापलीकडे कुठे गेली नव्हती, ती नुसती पडल्या पडल्या माझ्या रोज चार-पाचशे कॅलरी ओढून घेत होती. दूध बनवायला शरीराला तेवढं इंधन लागतं. वजन कमी करण्याच्या कामात तिचा वाटा माझ्यापेक्षा दुपटीनं होता आणि तिला मोजेसुद्धा घालावे लागत नव्हते.

काटा म्हणाल तर तो एक पाव खाली, अर्धा वर, असा बाजारभावासारखा हलत राहिला. पण एक वेगळीच गोष्ट लक्षात येऊ लागली. मनगटावरच्या घड्याळात प्रत्येक किलोमीटरची वेळ दिसते. माझा जातानाचा वेग कासवाचा आणि परतीचा भलताच. आमच्या रविवारच्या बायकांच्या गटात एक ताई आहेत, सहा-सात अर्धमॅरेथॉन केलेल्या. त्यांनी माझे आकडे बघितले आणि भुवया उंचावल्या. "अगं, हे तर निगेटिव्ह स्प्लिट आहे! दुसरा अर्धा पहिल्यापेक्षा जोरात. लोकांना वर्षानुवर्षं जमत नाही. पहिल्यांदा दम राखायचा आणि शेवटी सोडायचा. कसं जमवतेस?"

"ताई, जाताना घाट चढते, येताना उतरते," मी म्हटलं.

त्या हसल्या. गोष्ट तिथे संपायला हरकत नव्हती. पण एका रविवारी गट संगम माहुलीच्या दिशेला पळाला. माहुलीला कृष्णा आणि वेण्णा भेटतात. नद्या खाली असतात आणि गाव वर असतं. म्हणजे त्या रस्त्याला जाताना उतार आणि येताना चढ. उतारावर मी रमतगमत गेले, नदी बघितली, घाटाच्या पायऱ्यांवर मिनिटभर टेकलेसुद्धा. आणि परत येताना चढावर, सगळ्यांचे पाय जड झालेले असताना, मी ताईंना मागे टाकून आले. भूगोल उलटा झाला होता, माझे आकडे तसेच होते.

कारण मला ठाऊक होतं, ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं इतकंच. पाऊण तास उलटला की छाती भरून यायला लागते. आधी नुसती जड होते, मग टणक, मग ठणका लागतो. त्यात वाटेत कुणाचं तरी बाळ रडलेलं ऐकू आलं, की झालं. कुणाच्या का बाळाचं असेना, दुधाला तो भेद कळत नाही. शर्टाच्या पुढच्या बाजूला दोन ओले गोल उमटतात आणि पाय आपोआप घराच्या दिशेनं सुटतात. वेळापत्रक, घड्याळ, बूट सगळं मागे राहतं.

मला हिरकणी आठवायची ती अशा वेळी. शाळेत असताना वर्गात कथा ऐकली होती. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, कोजागिरीची रात्र, बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हं बाळ, आणि कड्यावरून उतरून गेलेली आई. महाराजांनी तिथे बुरूज बांधला, तिचं नाव दिलं. आता एसटीच्या निमआराम गाडीला तिचं नाव आहे आणि स्टँडवर बाळाला पाजायची खोली असते तिलाही. बाईंनी तेव्हा वर्गाला विचारलं होतं, हिरकणीच्या अंगी कोणता गुण होता? आम्ही सगळ्यांनी लिहिलं होतं, धैर्य. मला पाचपैकी पाच मिळाले होते.

आता ते उत्तर मी थोडं वाढवून लिहीन. बाळ रडत असेल ही काळजी होतीच. पण संध्याकाळपासून गडावर अडकलेल्या, अंगावर पाजणाऱ्या बाईच्या छातीत तेव्हा काय चाललं असेल, हे कथा सांगणाऱ्यांना बहुधा सुचलं नसावं. दिवसभर डोक्यावर दुसऱ्यांसाठीचं दूध वाहून नेलं, आणि जे वाहून नेता येत नाही ते रात्री भरून आलं. तिच्या वजनाची नोंद कुठे नाही. चढायला तिला किती वेळ लागला हेही कुणी लिहून ठेवलेलं नाही. गोष्ट झाली ती फक्त तिच्या उतरण्याची.

मी आपली सहाला बाहेर पडून सातला घरात येणारी. तरी निघताना दाराची कडी हळूच लावली की पहिली दहा पावलं मला फार हलकं वाटायचं, हे खरं सांगते. चोवीस तासांतला तो एक तास माझ्या कडेवर कुणी नसायचं. त्या हलकेपणाचा मी काट्यावर शोध घेत होते, हीच माझी चूक. आणि गंमत अशी, की ते हलकेपण मला पाऊण तासापेक्षा जास्त सोसायचं नाही. पाऊण तासानं पुन्हा जड होऊनच परत यायचं.

दिवस गेले. नऊ आठवड्यांचा कार्यक्रम मी चौदा आठवड्यांत पुरा केला, मध्ये लेकीचे दात, माझा ताप आणि एक लग्न येऊन गेलं. पाच किलोमीटर न थांबता पळाले त्या दिवशी नवऱ्यानं राजवाड्यावरून कंदी पेढे आणले, अर्धा किलो. वजन बासष्टवर आलं आणि तिथेच पाय मुडपून बसलं. ट्रॅकपँटची नाडी आता कशीबशी बांधता येते. शिंक आली की मी उभी राहते, पण पाय आवळून नाही.

आणि लेक दहा महिन्यांची झाली. मऊ भात खायला लागली, वरणाच्या वाटीत हात घालायला लागली. सकाळचं पाजणं तिनं आपणहून कमी केलं. कधी चार घोट घेते, कधी तोंड फिरवते आणि सासूबाईंच्या हातातल्या नाचणीच्या सत्त्वाकडे झेपावते. छाती भरून येणंही हळूहळू ओसरलं.

परवाच्या रविवारी आम्ही पुन्हा माहुलीच्या दिशेला गेलो. येताना चढ होता. शर्ट घामानं भिजला होता, नुसत्या घामानंच. ठणका नव्हता, घाई नव्हती, फोनवर सासूबाईंचा निरोपही होता, "झोपलीये. सावकाश ये." घराच्या दारात येऊन मी घड्याळ थांबवलं आणि आकडे बघितले. जाताना पंचवीस मिनिटं. येताना बावीस.

मी उंबऱ्यात दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून धापा टाकत उभी होते. आत पाळणा हलायचा थांबलेला, सासूबाई डिंकाच्या लाडवांचा डबा पुसून परत फळीवर ठेवत होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सावकाश ये म्हटलं होतं ना?" त्या कुजबुजल्या. "एवढी धावत यायला कुणी बोलावलं होतं का?"

मी मान हलवली आणि बूट हातात घेऊन पाळण्याकडे गेले, तळपाय न वाजवता.